एक बीप

आमची बिल्डिंग मिठागराच्या कडेला, भांडुप पूर्वेला.
खाडीकडून वारा सुटला की
देव्हाऱ्यातली चांदीची वाटी आठवड्यात काळी पडते.
कॉम्प्युटरच्या पोटातही तेच होतं,
हे मला मोईननं शिकवलं, लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यात,
रॅमची पट्टी उजेडात तिरकी धरून :
"बघा ताई, सोनं काळवंडलंय.
नवी घेऊ नका. पोराचा खोडरबर घ्या."

तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी
दुपारची भांडी आटोपली की मी प्लग काढते,
मोरीतल्या नळाला हात लावते,
अंगातली वीज आधी उतरू दे,
आणि स्क्रू बशीत मोजून ठेवते. चार.
मागच्या खेपेला तीनच निघाले.
चौथा ओजसच्या कंपासपेटीत होता.
कसा, ते विचारलं नाही.

झाकण निघतं.
आत, समोर पाडलेल्या तीन चाळींची धूळ,
राखी, मऊ, पंख्याच्या पात्यांवर चढलेली.
दसऱ्याचं कुंकू, फटीतून सांडलेलं.
एकदा पालीची अंडी, दोन, शेंगदाण्याएवढी.
पाऊण इंची ब्रश, कधीच रंगात न बुडालेला.
पंख्याला बोट लावून मगच फुंकायचं,
मोकळा सोडला तर गरगरतो, बेअरिंग जातं.
ओलं फडकं आत न्यायचं नाही.
सासऱ्यांना हे तीनदा सांगून झालंय.

मग चालू करायचं.
एक छोटा बीप आला की सगळं जागच्या जागी.
तीन आले तर पुन्हा उघडा.
या घरातली माणसं बीप देत नाहीत,
हीच अडचण.

पडद्यावर आवरायचं वेगळंच.
ओजसचे फुकटातले गेम,
त्यांच्या शेपटाला धरून आलेले तीन पाहुणे
चहा न घेता जात नाहीत असे.
सासऱ्यांना लागलेली लॉटरी, पाच लाख पौंड,
फक्त बँकेचा पासवर्ड कळवायचा.
तो पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला,
पेपरवाल्याच्या हिशेबाखाली. खोडला.
नवा ठेवला, माहेरच्या ओढ्याच्या नावाचा,
पुढे काय ते सांगणार नाही.
"नंतर, नंतर" करत अकरा वेळा ढकललेलं अपडेट
बसून पुरं करून घेतलं, तोवर लसूण सोलला.

शेवटी कचरापेटी.
केराची सुपली उलटी करण्याआधी
आपण एकदा बघतोच की,
कानातली फिरकी निघते कधीकधी.
तिथं श्रीरंगच्या तीन फायली होत्या.
राजीनामा.
राजीनामा नवा.
राजीनामा अगदी शेवटचा.
तारखा आषाढापासूनच्या,
वेळा सगळ्या रात्री दोननंतरच्या.

पेटीतली फाईल तशी वाचता येत नाही,
आधी ती परत जागेवर ठेवावी लागते.
ठेवली नाही.
बोट 'रिकामी करा'वर होतं. तेही काढलं.
एवढी वर्षं मी ही पेटी दर महिन्याला
डोळे मिटून ओतत आले.

रात्री जेवताना म्हटलं, ओजसकडे बघत,
"लाईट काय, कधीही जाते.
यूपीएसची बॅटरी जुनी झालीय, चार मिनिटं तग धरते फार तर.
जे काही लिहाल ते मधूनमधून सेव्ह करत जा.
आणि एक कॉपी माझ्याकडं द्या, बाहेरच्या डिस्कवर राहील."
ओजस म्हणाला, "मी कुठं काय लिहितो?"
श्रीरंगचा घास हातातच राहिला.
मग त्यानं ताक मागितलं.

दोनच्या सुमाराला
बाहेरच्या खोलीतून बीप आला. एकच. छोटा.
मी कूस बदलली.