पात्याची जाडी

कोपरखैरण्याच्या बैठ्या घरात, टीव्हीच्या वर
भाऊंनी काचेचं कपाट ठोकलं
आणि मांडले अमोनाइट.
कापून, घासून, आरशासारखे,
प्रत्येकाचे दोन अर्धे शेजारी शेजारी,
खाली चिठ्ठी, बँकेतल्या अक्षरात:
कच्छ. अरियलूर. मादागास्कर – महाग पडला.

आई म्हणायची, शाळिग्रामच की हे,
देव्हाऱ्यात तरी ठेवा.
भाऊ म्हणायचे, देव कसला, बिऱ्हाडकरू.
एक खण अपुरा पडला की पुढचा मोठा बांधायचा,
मागचा लिंपून टाकायचा.
आई हसायची नाही.
तुर्भे स्टोअरची दहा बाय दहा
तिची कधी लिंपून झालीच नव्हती.

एक मात्र एकटा. डावा अर्धा.
चिठ्ठीवर गाव नाही, एवढंच:
उजवा हरफूलकडे.

भाऊ गेल्यावर चौथ्या महिन्यात
तो रुमालात गुंडाळून मी तुर्भ्याला गेले.
ग्रॅनाइटच्या लाद्या, मशीनवर सोडलेलं पाणी,
आणि टेबलावर, ओट्यांच्या बिलांवर वजन म्हणून
उजवा.

कापणावळ घेतली नव्हती मी, हरफूल म्हणाला,
म्हणून साहेब देऊन गेले.
मग त्यानंच दोन्ही अर्धे एकमेकांवर धरले.
बसेनात.
कडेला रेघ उरत होती.
पात्याची जाडी, तो म्हणाला, ती जातेच,
आणि हनुवटीनं दाखवलं
शेडमधून गटाराकडे, गटारातून खाडीकडे
वाहत चाललेलं पांढरं पाणी.

तेवढ्यात पंख्यानं बिलं उडाली.
त्यानं उजवा शर्टाला पुसला
आणि परत जागेवर ठेवला.