झाडलोट

हॅनफर्डच्या माळावर पाऊस क्वचित, वारा मात्र बारमाही.
मुळापासून सुटलेली काटेरी झुडपं गडगडत येतात
आणि चार किलोमीटर लांब नळीच्या कुशीला
पुरुषभर उंच साचतात.
ऑर्विल टेटम ती ओढतो, यंत्रात दाबतो,
कडब्यासारखे चौकोनी गठ्ठे बांधतो.
एकोणीस वर्षं. उद्या वारा आहेच.

नळीच्या आत काही नाही,
म्हणजे हवासुद्धा नाही.
फक्त प्रकाश जातो, आरशाला शिवून परत येतो,
वाटेची लांबी मोजत.

एकदा भर उन्हाळ्यात आलेख टकटक करू लागला.
चार दिवस सगळे हिशेब घालत बसले.
ऑर्विलने बाहेर जाऊन पाहिलं:
गार नळावर जमलेलं हिव
तहानलेला डोमकावळा चोचीने फोडत होता.
"हा घ्या तुमचा तारा," तो म्हणाला.

चादरीवर लोखंडी गोळा ठेवायची उपमा
इन्ग्रिड व्हॅलेकला पटत नाही.
गोळ्याला खाली ओढतं कोण, ती विचारते,
त्यासाठी पुन्हा गुरुत्वच उसनं आणायचं?
ती एवढंच सांगते:
जड वस्तू हलली की तिची बातमी निघते,
प्रकाशाच्याच पावलांनी, त्याहून झपाझप नाही.
सूर्य आत्ता नाहीसा झाला
तरी आठ मिनिटं आपण
नसलेल्याभोवती इमानाने फिरत राहू.

मग तो मंगळवार.
दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती घुमत एक झाली होती,
पृथ्वीवर डोळा असलेलं काहीच नव्हतं तेव्हा.
तिथून निघालेली लाट
धूळ, तारे, कशालाच न अडखळता
आधी लुईझियानाच्या पाइनच्या रानात पोचली,
सात सहस्रांश सेकंदांनी इथे.
नळी प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याइतकी
लांबली, आखडली, लांबली.
पडद्यावर एक चढत गेलेली रेघ,
आणि इन्ग्रिडची कॉफी तशीच गार.

"म्हणजे माझ्यातूनही गेली?"
"तुझ्यातून, कावळ्यातून, तुझ्या गठ्ठ्यांतून."
"किती वाजता?"
तिने सांगितलं.
ऑर्विलने आठवून पाहिलं.
तेव्हा तो गाडीत बसून
उकडलेलं अंडं सोलत होता.
टरफल नीट निघत नव्हतं.

अवकाश ताणलं गेलं, सैल झालं
आणि अंडं अंडंच राहिलं.
तो जरा वेळ आपल्या बोटांकडे बघत बसला,
मग हातमोजे चढवले.
वायव्येच्या नळीपाशी
रात्रीतून बरंच साचलं होतं.