वारा येईपर्यंत

मनोरीच्या वाळूत, दुपारी सव्वातीनला
पाच पतंग पालथे पडलेत.
पाठीवर ओंजळ-ओंजळ वाळू,
उडून जाऊ नयेत म्हणून.
उडून जायला आधी वारा लागतो
हे होशांगला मान्य नाही.

वाऱ्याचं यंत्र वैजूच्या हातात,
हात डोक्यावर, शाळेत उत्तर येत असल्यासारखा.
शून्य पूर्णांक चार.
"कोणीतरी उसासा टाकला असेल," ग्लॅडविन म्हणतो.

मग प्रश्न सुरू होतात.
असे, की घरी विचारले तर
ताप आहे का म्हणून कोणी कपाळाला हात लावेल.

मासे वर बघतात तेव्हा त्यांना
पतंग दिसतो की आपल्या फळीचं बूड?
खारे वारे दिवसा, मतलई रात्री,
हे भूगोलात घोकलं होतं.
मग मतलई मतलबी असतो का?
आणि आज दिवसपाळीवाल्याने दांडी का मारली?
वासराच्या कानात वारं शिरतं
ते साधारण किती नॉटचं?
संक्रांतीच्या पतंगाला शेपूट असतं,
आपल्याच्याला माणूस.
मग दोरी तुटली तर
कटला कोण म्हणायचा?

झुबेरचा पतंग नवा, अजून मिठाचा डाग नाही.
तो गंभीरपणे विचारतो,
"समुद्राच्या मध्यावर लागली तर काय करायचं?"
सगळे त्याच्या नव्याकोऱ्या रबरी सूटकडे बघतात
आणि कोणीच काही बोलत नाही.
वैजू ऑडिटर आहे.
ती म्हणते, "प्रलंबित."

मला कोणी खरा प्रश्न विचारला असता,
नोकरीचं काय ठरलं, हप्ता भरलास का,
तर मी उठून होडीकडे गेलो असतो.
तसं काही कोणी विचारत नाही.
हीच इथली माणुसकी.

पलीकडे नागूबाय वलांडीवर बोंबील टांगतेय,
जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने.
मधेच थांबून आमच्याकडे बघते:
"काय रं, ही पन सुकाला घातलीत का?"
"हो बाई," होशांग म्हणतो, "काय भाव येईल?"
ती येते, कापड चिमटीत धरून हुंगते.
"वास नाय येत. कोन घेल?"

चार वाजले. शून्य पूर्णांक नऊ.
होशांग चेकाळतो, विनोद सुरू करतो:
एक माणूस पतंगाला लटकून
भरकटत भरकटत अर्नाळ्याला उतरतो.
किनाऱ्यावर हवालदार.
हवालदार म्हणतो, "तिकीट?"
तर तो माणूस, पाण्याने निथळत,
खिशात हात घालतो आणि म्हणतो

आणि वलांडीवरचे सगळे बोंबील
एकाच वेळी एका बाजूला कलले.

एक क्षणभर, खरंच सांगतो,
कोणी हललं नाही.
आठवडाभर ज्याची वाट पाहिली
तो वारा कानाशी येऊन उभा,
आणि आम्ही पाचजण होशांगच्या तोंडाकडे बघतोय.
मग वैजू ओरडली, "चौदा!"
आणि वाळू उडाली, दोऱ्या ताणल्या,
पतंग एकेक करून उठले,
दुपारी झोपलेले पाहुणे चहाला उठावेत तसे.

पाण्यावर मी त्याला दोनदा गाठलं.
"काय म्हणालाऽऽ तो?"
तो काहीतरी ओरडला.
"…परतीचं…" एवढंच आलं,
बाकीचं वाऱ्याने खाल्लं.
झुबेर चारदा पडला, पाचव्यांदा उभा राहिला
आणि आपण उभे आहोत हे बघून पुन्हा पडला.

अंधारताना पतंगातली हवा काढली.
घडी घालायला पतंगावर गुडघे टेकून
मी विचारलं, "शेवट?"
होशांग कानातलं पाणी झटकत होता.
"मला कुठे माहीत?
बोलता बोलता सुचेल म्हणून सुरुवात केली होती."
ग्लॅडविनने त्याला चप्पल मारली.
ती लांब गेली, वारा अजून होता.

मार्वेकडे जाणाऱ्या शेवटच्या होडीत
ओल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलो होतो.
होडीवाल्याचा पोरगा आला, हात पुढे केला:
"तिकीट?"

पाचही जण असे फुटलो
की नाकात गेलेला समुद्र परत बाहेर आला.
पोरगा हात तसाच धरून उभा,
त्याला वाटलं आम्ही प्यालोय.

थोडं गेलं होतं पोटात.
खारट.