कायमचा

नवतपाच्या तिसऱ्या दिवशी भावपत्रक आलं.
बाहेर सेहेचाळीस, आत एकोणीस.
गोळीबार चौकातल्या आमच्या बँकेत थंड अशी एकच खोली,
आणि तिच्यात माणसांनी बसायचं नाही.
शिपाई उईके तरी आपली पाण्याची बाटली
रॅकच्या मागे ठेवतो. मी बघत नाही.

तीन यंत्रं आहेत. त्यांच्यात एकवीस यंत्रं राहतात.
हे मी संचालक मंडळाला दरवर्षी नव्यानं समजावतो:
एक लोखंडी पेटी, तिच्या पोटात सात बिऱ्हाडं,
आणि प्रत्येकाला वाटतं, घर आपलं एकट्याचंच.
ठेवींचं यंत्र, सोनेतारणाचं, एटीएमचं,
आणि पिग्मीचं एक म्हातारं, नाव 'निखारे-२'.
निखारे दोन हजार अकरात गेले. यंत्र चालू आहे.

हा भास सांभाळणारं सॉफ्टवेअर
आम्ही एकदाच विकत घेतलं होतं.
कागदावर शब्द होता: कायमचा.
आता कळवतात, तो शब्द विक्रीतून काढला.
आता वर्षाचं भाडं,
आणि तेही पेटीमागे नाही,
प्रोसेसरच्या पोटात किती गाभे, त्यावर.
आमचे गाभे अठ्ठेचाळीस.
पैसे कमीत कमी बहात्तरांचे.

मी फोनवर विचारलं, वरचे चोवीस आहेत कुठे?
पलीकडचा पोरगा चांगला होता बिचारा.
थोडा वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला, सर, ते मिनिमम आहे.

अध्यक्ष पराते. विशीपर्यंत मागावर बसलेला माणूस,
अजून बोलताना पाय खाली पावडी शोधतात.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आकडा वाचला,
साडेतीन लाखांचा एकोणीस लाख झालेला.
"म्हणजे माग माहा, सूत माहा,
अन् शेट येऊन म्हणते का
तुह्या खोलीत चार माग मावतात,
तं चार मागाचं भाडं दे?"
हो साहेब.
"लावला एकच असन तरी?"
तरी.
"मंग सांग त्याले, आमचं नाही जमत बाप्पा."

नाही जमत.
हे दोन शब्द उचलायला मला अकरा शनिवार लागले.
दुसरं सॉफ्टवेअर होतं, फुकटचं, कुणा एकाचं नसलेलं;
ते पैसे घेत नाही, झोप घेते.
काउंटर बंद झाले की एकेक यंत्र उचलायचं,
झोपलेलं लेकरू एका खाटेवरून दुसरीवर न्यावं तसं,
मान सांभाळून.
रोशनी झाडे वहीत वेळ लिहायची:
ठेवी, एक वाजून दहा, जागं.
सोनेतारण, पावणेतीन, जागं, घड्याळ पाच तास पुढे.
मग आम्ही गार सांभारवडी खायचो आणि
एकमेकांशी बोलायचो नाही.

वीस गेली.
निखारे-२ उठेना.
चारदा नेलं, चारदा तोच काळा पडदा,
त्यावर पांढरी एक रेघ लुकलुकणारी.
नव्या घरी त्याला आपली जुनी डिस्क सापडत नव्हती,
आणि ती कुठे ठेवायची
हे सांगणारा माणूस फोटोत होता,
वरच्या मजल्यावर, हार घातलेला.

पोळ्याची कर. मारबतीचे ढोल खिडकीपर्यंत आले.
बडग्या कुणाकुणाचे: पेट्रोलचा, खड्ड्यांचा,
वीजबिलाचा एक, पोट फुगलेला.
घेऊन जाय गे मारबत.
रोशनी म्हणाली, सर, आपलाही काढायचा होता.
मी विचार केला, त्याला चेहरा कोणता लावणार?
नसलेले चोवीस गाभे कागदाच्या लगद्यात कसे करणार?

एक पेटी जुनीच ठेवली आहे, कोपऱ्यात.
तिच्यात फक्त निखारे-२.
दुरुस्ती नाही, आधार नाही, कुणी फोन उचलणार नाही.
तेवढ्यापुरता तो शब्द अजून खरा आहे,
पंखा फिरतोय तोवर.

पिग्मीवाले सहाला येतात, दिवसभराचे दहा-वीस रुपये भरतात.
ते लिहून घेतं.
उईकेनं बाटली आता त्याच्या मागे ठेवली आहे.
म्हणतो, इथं जरा कोमट राह्यते.