पिकाचं लायसन

केरीच्या पुढे, घाटाच्या तिसऱ्या वळणावर
विश्राम शेटकराची गाडी अडवली.
काजूचे पैसे गेले, पुढचे दोन दात गेले.
दातांचंच तो जास्त सांगतो.

तेव्हापासून सगुण माजिक,
जो जन्मात कुणाला चहा पाजत नाही,
मला हाका मारून पाजतो:
"बापाची बारा बोरची आहे ना रे घरात?
माळ्यावर कुणासाठी, उंदरांसाठी?
सीटमागे टाक. बघू कोण अडवतो."

टाकली.
म्हणजे, टाकायला गेलो.
आडवी घातली तर दार लागेना,
उभी केली तर टपाला टेकली.
तिरकी, फक्त तिरकी मावते:
दस्ता माझ्या कमरेशी
आणि नळी डावीकडच्या सीटच्या पाठीला,
जिथे रोज सकाळी वाळपईच्या शाळेपर्यंत
उर्वी बसते, वेणीची रिबन तोंडात धरून.

उलटी फिरवली. आता नळी माझ्या कानामागे.
"हे बरं," रत्नकला म्हणाली
आणि हसली नाही.

रात्री अंगणात तालीम.
ती टॉर्च घेऊन चोर झाली.
मी हँडब्रेक ओढला, मागे हात घातला,
बंदुकीचा पट्टा गिअरात अडकला, कोपर हॉर्नवर पडलं,
शेजारची कुत्री उठली,
दार ढकलून उतरलो, काडतूस चाचपलं,
ते दुसऱ्या पँटीत.
ती मोजत होती. एक्केचाळीस.
"विश्रामचे दात," टॉर्च विझवत म्हणाली,
"सहावर गेले असतील."

तरी ठेवली.
का, ते मला विचारू नका.
पाठीमागे लोखंड असलं की घाट
वीतभर रुंद होतो.
पंक्चरवाला कुणी हात करतो,
पूर्वी मी पाना घेऊन उतरायचो.
आता काच अर्धी खाली करून बघतो,
हा एक,
झाडामागे किती?
तोवर गाडी पुढे गेलेली असते.

त्याच दिवसांत कुळागरात डुकरं शिरली.
सुरणाचा अख्खा वाफा उकरला, केळी आडवी केली.
बापाने ज्यासाठी ती घेतली होती ते सगळं
एका रात्रीत झालं,
आणि बंदूक घाटात होती,
रिकामा रस्ता राखत.

मग निवडणूक लागली. नोटीस आली,
बंदुका ठाण्यात जमा करा.
वाळपईला ही रांग!
गोणपाटात, चादरीत, एकाने तर बायकोच्या लुगड्यात
गुंडाळून, छातीशी धरून आणलेली,
पोरं डोसाला आणावीत तशी.
हवालदार फळदेसायांनी माझं लायसन
चष्मा वर करून वाचलं. पीक संरक्षणासाठी.
"गाडीतून काढलीस ती मी बघितली," म्हणाले.
"गाडीत कुठलं पीक लावलंयस?"
रांग हसली. मीही हसलो,
उशिरा, आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ.

तो महिना बंदुकीवाचून घाट चढलो, उतरलो.
काही झालं नाही.
आधीही काही झालं नव्हतं.
यावरून काय सिद्ध होतं, सगुणला विचारलं
तर त्याने चहाचे पैसे मला द्यायला लावले.
विश्रामला विचारलं नाही.
त्याने नवे दात बसवलेत, बोलताना
हात अजून तोंडावर जातो.

आज पावती दाखवून परत घेतली
आणि ठाण्याच्या फाटकाशी उभा आहे.
घरी न्यायची तर गाडीतूनच.
शाळा सुटायला दहा मिनिटं.
मागे हौद्यात, रिकाम्या गोणींखाली बांधतोय.
तिथून कुणीही उचलेल.
पुढे घेतली तर तिरकी.
गाठ मारतो,
सोडतो,
घड्याळ बघतो,
पुन्हा मारतो.