तांत्रिक खंड

आज मी कोणीच नाही.
काल साडेपाचला अकरा महिने संपले,
उद्या नऊला पुन्हा अकरा सुरू होतील.
मधल्या या मंगळवाराला आस्थापनेतले घोसाळकर
'तांत्रिक खंड' म्हणतात,
आणि म्हणताना चष्मा पुसतात.

आठ वर्षांत असे आठ दिवस.
त्या दिवशी मी पंख्याची पाती पुसते,
आईला सांगते, रजा आहे.

परिषदेचं पत्र कपाटात, पिवळ्या पाकिटात:
नोंदणीचं नूतनीकरण हवं असेल तर
पाच वर्षांच्या अखंड सेवेचा दाखला जोडा.
घोसाळकर म्हणाले, अखंड कसा देऊ ताई?
कागदावर तुम्ही दर वेळी नवीनच लागता.
आणि नोंदणी संपली तर पुढचा करार नाही,
करार नाही तर दाखल्याचा प्रश्नच मिटला.
टेबलावर त्यांचा डबा उघडा होता,
वालाच्या बिरड्याचा वास.
मला भूक लागली, याचा राग आला.

सव्वाअकराला फोन. वॉर्ड एकवीस, सिस्टर डाबरे.
'खाट नऊला आज सोडतायत.
ऑक्सिजनच्या मशीनचं काय ठरलं? ट्रस्टचं पत्र कुठाय?
म्हातारा म्हणतो, तांडेल मॅडमला माहीत.'

तांडेल मॅडमला माहीत आहे
की इस्माईल मुकादम शिवडीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, जिना शिडीसारखा;
की मीटर सुनेच्या नावावर, आणि सून दोन महिने बोलत नाही;
की मशीन रात्रभर चाललं तर बिल कोण भरणार
हे डिस्चार्ज कार्डावर मावत नाही.

कुठल्याही परीक्षेत हे विचारत नाहीत.
तरी परीक्षेला मी नावं ठेवणार नाही.
पलीकडच्या खासगी रुग्णालयात एक पोरगा
हेच काम करायचा, बिनशिक्क्याचा.
त्यानं एका बाईला भलत्याच योजनेत बसवलं,
तिची केमो दीड महिना लांबली.
शिक्का हवाच.
फक्त तो उमटेपर्यंत
मला एका जागी उभं राहू द्या.

गेटवर एजन्सीचा नवा मुलगा.
गणवेश त्याला दोन मापं मोठा,
तोही बहुतेक अकराच महिन्यांचा.
ओळखपत्र मी कालच जमा केलेलं.
'पास काढावा लागेल. नाव?'
हेमलता तांडेल.
'पेशंट?'
इस्माईल मुकादम.
'नातं?'

हा रकाना मी हजारदा भरून घेतलाय.
बायकोकडून, शेजाऱ्याकडून,
रस्त्यावर पडलेल्याला उचलून आणणाऱ्या टॅक्सीवाल्याकडून.
प्रत्येक जण इथं जरा थांबतो,
आणि मी घड्याळाकडे बघते.
आज मागून कोणी तरी म्हणालं,
ओ बाई, आटपा की.
मुलानं पास ओढून घेतला,
'लिहितो मी काही तरी.'
काय लिहिलं ते मी वाचलं नाही.
घडी घालून पर्समध्ये ठेवला.

वर जाऊन ट्रस्टचं पत्र शोधलं, माझ्याच कपाटात,
किल्ली मात्र मावशींकडून मागून घेतली.
मशीनवाल्याला लालबागहून बोलावलं.
सुनेशी बावीस मिनिटं बोलले;
पहिली पंधरा ती फक्त ऐकत होती,
मग म्हणाली, मीटरचं बघू,
पण रात्री उठून नळी मी लावणार नाही.
म्हटलं, नळी त्यांचा नातू लावेल, त्याला शिकवते.

शेवटच्या कागदावर तळाशी ओळ होती:
समन्वयकाची सही, नोंदणी क्रमांक, दिनांक.
क्रमांक पाठ आहे, अजून दोन महिने जिवंत आहे.
सही केली. दिनांक उद्याचा घातला.

मुकादम चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला.
'म्हणजे मला उद्या सोडणार काय गो?'

नाही चाचा, तुम्ही आजच जा.
मी तेवढी उद्या आहे.