तीन थापा

होडी उलटली की तळावर तीन थापा मारायच्या.
मग कुणीतरी येतं,
आपल्या होडीचं नाक तुझ्या हाताला लावतं,
ते धरून तू वर येतेस.
कोलाडला हे पहिल्याच दिवशी शिकवलं.
तिथली नदी वेळापत्रकाने वाहते:
सकाळी धरणातून सोडली की नदी,
दुपारनंतर नुसते गोटे.

नारीनचं तसं नाही.
ऊन चढेल तसा बर्फ सुटतो, तशी ती चढते.
किर्गिझस्तान, ऑगस्ट,
सहा दिवस, मी एकटी.

विम्याचा फॉर्म आठवडाभर जेवणाच्या टेबलावर.
पाठारे म्हणाले, मॅडम, धोकादायक खेळ यात बसत नाही,
बसवायचा तर हप्ता दुप्पट.
बसवा म्हटलं.
मग तो रकाना: आणीबाणीत कुणाला कळवावे.
त्याच्यापुढे: नाते.
त्यावर वरण सांडलं, एवढीच काय ती प्रगती.

भांडुपच्या दोन खोल्यांत
बॅग भरणं म्हणजे बॅग रिकामी करत जाणं.
काट्यावर मी, मग मी आणि पिशवी, मग वजाबाकी.
दुसरा स्वेटर गेला. कादंबरी गेली.
मेतकूट राहिलं, दोरी राहिली, चाकू,
शिट्टी राहिली.
ऐकणार कोण, हे शिट्टीला विचारायचं नसतं.

होडी खाली पार्किंगमध्ये, कदमांच्या स्कूटरमागे.
सोसायटीची नोटीस आहे:
खाजगी जलवाहन सात दिवसांत हलवावे.
जलवाहन!
ज्याला हा शब्द सुचला त्याला एकदा चहा पाजायचाय.

पप्पांनी आधी तिला वाजवून पाहिलं असतं.
एकतीस वर्षं माझगाव डॉकला
हातोडीने पत्रा ठोकायचा, कान द्यायचा.
ठण्ण म्हणजे निरोगी,
थद्द म्हणजे आत गंज.
अर्धं अंग गेलं, वाचा गेली,
तेव्हा उरलेल्या हातातल्या अंगठीने
पलंगाच्या लोखंडी दांडीवर तीनदा.
म्हणजे ये.
सहा वर्षं मी आले.
तव्यावर पोळी टाकून, ऑफिसचा फोन तोडून, झोपेतून,
एकदा तर अंघोळीतून, साबणासकट.
गेल्या वैशाखापासून दांडी गप्प आहे
आणि रात्री दोनला चपला घालून
मी खोलीच्या मध्यावर उभी.

मुलुंडचा तरणतलाव, पहाटे पाच ते सहा.
पहिल्या बॅचआधीचा तास
हिराजी तांडेलांनी मला चोरून दिलेला.
नोकरी जीवरक्षकाची, पण तलावाबद्दल मत वाईट:
"याला पानी म्हनायचा? भरती नाय, सुकती नाय."
तरी माझ्या मोबाइलवर पाहून पाहून
वल्ह्याची सगळी युक्ती त्यांनी पाठ केली,
आणि छातीइतक्या पाण्यात उभं राहून
तीन महिने माझ्या थापांना हात दिला.

काल म्हटलं, आज काठावर थांबा, पाठ करून.
थापा ऐकल्या तरी येऊ नका.
काही बोलले नाहीत.
टॉवेल खांद्यावर टाकला, वळले.

उलटी झाले.
निळ्या फरशा डोक्याखाली, नाकात घण.
वल्हं फिरवलं, डोकं आधी उचललं,
अर्धी वर, परत आत.
मग हात आपणहून गेला.
एक.
दोन.
आणि होडीच्या पोटातून आवाज आला.
प्लास्टिकच ते, पण ठण्ण.
तिसरीसाठी उचललेला हात
वल्ह्यावर परत नेला.
कंबर आधी. डोकं शेवटी.

वर आले तर ते पाठमोरेच.
मी खोकत होते, नाक गळत होतं.
"दोनच वाजल्या," ते म्हणाले.

तेवढ्यात फाटकाशी पोरं जमली,
कुणाची तरी टोपी पाण्यात पडली,
ती काढायला ते गेले.

घरी येऊन वरणाच्या डागाशेजारी
दहा आकडे लिहिले.
पुढचा रकाना अजून तसाच आहे.